घर बदलताना जुने गृहकर्ज चालू ठेवावे की फेडून नवे घ्यावे?

जुन्या सदनिकेला गिऱ्हाईक मिळाले, नवे घर मनात भरले, आणि व्यवहार इसाराच्या पायरीपर्यंत आला, म्हणजे मग घरातील कोणीतरी विचारते की, ज्या कर्जाचे हप्ते अजून दहा-बारा वर्षे चालायचे आहेत त्याचे आता करायचे काय. या विषयावर वाचकांकडून जी पत्रे येतात त्यांत एकच संभ्रम निरनिराळ्या शब्दांत पुनःपुन्हा मांडलेला दिसतो. मोबाइलचा क्रमांक जसा एका कंपनीकडून दुसरीकडे नेता येतो तसे कर्जही नव्या घरावर नेता येत असेल, असे कोणी गृहीत धरून चाललेले असते. कोणाला लंडनच्या किंवा टोरांटोच्या नातलगाने तसा आग्रहाचा सल्ला दिलेला असतो. तर कोणाला बँकेच्या प्रतिनिधीने ‘बॅलन्स ट्रान्सफर’ हेच यावरचे उत्तर म्हणून सांगितलेले असते. वस्तुतः या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत:

- तारणबदल: कर्ज तेच, कर्ज देणारी संस्था तीच, केवळ तारण ठेवलेले घर बदलते.
- जुने फेडून नवे घेणे: विक्रीच्या रकमेतून जुने कर्ज बेबाक करायचे आणि नव्या घरासाठी त्याच किंवा दुसऱ्या संस्थेकडून स्वतंत्र कर्ज घ्यायचे.
- बॅलन्स ट्रान्सफर: घर तेच राहते, कर्ज मात्र कमी व्याजाच्या बँकेकडे जाते. ज्याला घर विकायचेच आहे त्याने या वाटेला जाण्याचे कारण नाही.

परदेशातील सल्ला येथे का लागू पडत नाही

इंग्लंडमध्ये दोन किंवा पाच वर्षांसाठी व्याजदर स्थिर ठेवलेली गृहकर्जे सर्रास असतात, कॅनडातही पाच वर्षांची तशी मुदत रूढ आहे, आणि ती मुदत संपण्यापूर्वी कर्ज फेडल्यास भुर्दंड द्यावा लागतो. त्यामुळे दर खाली असताना ज्याने कर्ज घेतले त्याने ते नव्या घरावर सोबत नेणे तिकडे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. मात्र तेथेही कर्जदाराचे उत्पन्न आणि नवे घर यांची तपासणी नव्याने होतेच.

आपल्याकडे या दोन्ही कारणांचा पायाच नाही. बँकांची तरत्या व्याजदराची नवी गृहकर्जे १ ऑक्टोबर २०१९ पासून बाह्य निर्देशांकाशी, बहुतेक ठिकाणी रेपो दराशी, बांधलेली आहेत. हा दर मे २०२० मध्ये ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५० टक्क्यांवर गेला आणि डिसेंबर २०२५ मध्ये ५.२५ टक्क्यांवर आला. अशी जुनी कर्जे त्याच्याबरोबर वर गेली आणि खाली आली. म्हणजे जतन करून ठेवावा असा ‘जुना स्वस्त दर’ बहुतेकांपाशी नसतोच. दुसरे असे की, व्यक्तीने घेतलेल्या तरत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा आकार घेण्यास बँकांना २०१२ पासून मनाई आहे. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या वा नूतनीकरण होणाऱ्या कर्जांबाबत रिझर्व्ह बँकेने हेही स्पष्ट केले आहे की, फेडीचा पैसा कोठून आला याचा विचार करायचा नाही. तेव्हा माझे स्पष्ट मत असे की, तरत्या दराचे साधे गृहकर्ज असलेल्या कुटुंबाने जुने कर्ज टिकवण्याच्या खटपटीत न पडता ते फेडून नवे घ्यावे.

जुने कर्ज सांभाळावे असे अपवाद

- सरकारी सेवेतील घरबांधणी अग्रिम, अथवा बँक किंवा कंपनी आपल्या सेवकांना सवलतीच्या व्याजाने देते ते कर्ज. बाजारातील कर्जापेक्षा ते बहुधा स्वस्त असते. म्हणून दुसऱ्या घरासाठी ते चालू ठेवता येईल का, हे आस्थापना विभागाला लेखी विचारल्यावाचून घर विक्रीस काढू नये.
- स्थिर दराचे कर्ज, ज्याच्या करारात मुदतपूर्व फेडीचा आकार लिहिलेला आहे.
- निर्देशांकावरील बँकेची अधिकची टक्केवारी आज नव्या कर्जदारास मिळते त्याहून लक्षणीय कमी असलेले कर्ज. असे क्वचित घडते, परंतु घडते.

यांपैकी एखादा अपवाद आपणांस लागू असेल तर तारणबदलाची दरखास्त द्यावी, मात्र तो आपला हक्क नसून केवळ धनकोची मर्जी आहे हे ध्यानात ठेवूनच. नव्या घराच्या मालकीचा शोध अहवाल, मूल्यांकन आणि आपल्या उत्पन्नाची छाननी ही सर्व नव्याने होतात. हक्कलेख बँकेकडे ठेवल्याची नोटीस तीस दिवसांत नव्याने नोंदवावी लागते. सर्वांत बिकट अडचण वेळेची. नव्या घराचे गहाण पुरे झाल्याखेरीज बँक जुन्या घराचे दस्तऐवज सोडत नाही, आणि जुन्या घराचा खरेदीदार दस्तऐवज पाहिल्याखेरीज पैसे सोडत नाही. हा पेच सोडवण्यासाठी बँक मधल्या काळापुरती तेवढ्या रकमेची मुदत ठेव तारण म्हणून मागू शकते. ती ठेवण्याची ऐपत आपणांपाशी आहे का, हा प्रश्न आधीच विचारून घ्यावा.

खरा हिशेब कागदावर मांडा

समजा, डोंबिवलीचे लहान घर ७० लाखांस विकून ठाण्यात १ कोटी १० लाखांचे घर घ्यायचे आहे, आणि जुन्या कर्जापैकी ३१ लाख २७ हजार बाकी आहेत. किंमत ५० लाख वा त्याहून अधिक असल्यामुळे खरेदीदार संपूर्ण किमतीवर एक टक्का, म्हणजे ७० हजार रुपये, कर कापून सरकारात भरील. तो आपल्या खात्यावर जमा दिसतो, परंतु व्यवहाराच्या दिवशी हातात येत नाही. कर्ज आणि हा कर वजा जाता उरतात सुमारे ३८ लाख. नव्या घराला १ कोटी १० लाखांखेरीज ठाण्यातील सात टक्के मुद्रांकशुल्काचे ७ लाख ७० हजार आणि नोंदणी फीचे ३० हजार लागतील, म्हणजे एकूण १ कोटी १८ लाख. दलाली, संस्थेचे हस्तांतरणाचे पैसे आणि सामान हलवण्याचा खर्च बाजूला ठेवला तरी ८० लाखांचे कर्ज काढावे लागते.

आता पाहा: ३१ लाखांचे जुने कर्ज नव्या घरावर आणले तरी वरचे ४९ लाख नव्यानेच घ्यावे लागणार, तेही त्याच संस्थेकडून, तिच्याच दराने, कारण एका घरावर दोन निरनिराळ्या संस्थांचा बोजा सहसा कोणी मान्य करीत नाही. मोठ्या घरात जाणाऱ्यांना तारणबदलाचा उपयोग थोडा का होतो, याचे हे मुख्य कारण आहे. उलट निवृत्तीनंतर लहान घरात किंवा गावाकडे जाणाऱ्याला बहुधा कर्जाचीच गरज उरत नाही.

आणखी एक सावधगिरी. मुद्रांकशुल्क व नोंदणी फी घराच्या किमतीत धरून त्यावर कर्ज देण्यास, घराची किंमत दहा लाखांच्या आत असल्याखेरीज, बँकांना परवानगी नाही. आणि ७५ लाखांहून अधिक कर्ज असल्यास ते घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक देता येत नाही. म्हणजे वरच्या उदाहरणात ८२ लाख ५० हजारांपर्यंतच वाव आहे. नवे घर केवळ पत्नीच्या वा मुलीच्या नावे घेतल्यास महाराष्ट्रात मुद्रांकशुल्कात एक टक्का सवलत मिळते, ती मात्र सोडू नये.

व्याजदराहून मुदत महत्त्वाची

या संपूर्ण विषयात लोक सर्वाधिक फसतात ते येथे, आणि म्हणून मी थोडे विस्ताराने सांगतो. वरील कर्ज मुळात ४० लाखांचे, २० वर्षांचे आणि साडेआठ टक्क्यांचे होते असे धरा. दरमहा हप्ता ३४,७१३ रुपये. आठ वर्षांत ३३ लाखांहून अधिक रक्कम भरूनही मुद्दलातून जेमतेम पावणेनऊ लाख वजा झाले, कारण आरंभीच्या वर्षांतील हप्त्याचा मोठा भाग व्याजातच जातो. उरलेली बारा वर्षे तसेच भरीत राहिल्यास एकूण सुमारे ५० लाख द्यावे लागतील.

आता तीच ३१ लाख २७ हजारांची रक्कम आठ टक्क्यांच्या नव्या कर्जात आली, आणि प्रतिनिधीने नेहमीप्रमाणे पुन्हा २० वर्षांची मुदत लिहिली, तर हप्ता २६,१५५ रुपयांवर उतरतो आणि घरात समाधान पसरते. पण वीस वर्षांत भरावयाची रक्कम होते ६२ लाख ७७ हजार. दर अर्ध्या टक्क्याने कमी झाला, हप्ता साडेआठ हजारांनी कमी झाला, आणि देणे पावणेतेरा लाखांनी वाढले. तेच कर्ज आठ टक्क्यांनी बारा वर्षांसाठीच घेतले, तर हप्ता ३३,८४८ आणि एकूण देणे ४८ लाख ७४ हजार, म्हणजे सव्वा लाखाची खरीखुरी बचत. तेव्हा जुन्या कर्जाची जेवढी वर्षे उरली आहेत, निदान तेवढ्या रकमेपुरती तरी, तेवढ्याच वर्षांचा हिशेब आपण बँकेकडून लेखी मागावा. चाळिशी ओलांडलेल्याने तर निवृत्तीचे वर्ष आधी मांडून मग मुदत ठरवावी.

दोन संस्थांची तुलना करताना हप्ता न पाहता वार्षिक एकूण टक्केवारी पाहावी. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक गृहकर्जासोबत महत्त्वाच्या अटींचे विवरणपत्र देणे बंधनकारक असून त्यात प्रक्रिया शुल्कासह सर्व आकार धरून ही टक्केवारी लिहिलेली असते. कर्जदारास समजेल अशा भाषेत ते द्यावे असा नियम आहे. ते मराठीत मागण्यास संकोच करू नये.

व्यवहाराचा क्रम

१. जाहिरात देण्यापूर्वी बँकेकडून दोन कागद घ्यावेत: कर्जाची बाकी आणि दररोज चढणारे व्याज दाखवणारे फोरक्लोजर पत्र, आणि बँकेकडे ठेवलेल्या मूळ दस्तऐवजांची यादी. पत्रावर ते कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे हे लिहिलेले असते. ती तारीख उलटली की आकडा बदलतो. यादी आपल्याजवळच्या छायाप्रतींशी पडताळून पाहावी. बिल्डरचा मूळ करारनामा किंवा नोंदणीची पावती यादीत नसेल तर ते आजच कळलेले बरे.

२. घर विकण्यास बँकेची लेखी संमती घ्यावी. गहाणाच्या अटींत संमतीवाचून विक्रीस मनाई असते.

३. नव्या कर्जाची तत्त्वतः मंजुरी घ्यावी, आणि जुने कर्ज फिटणार आहे असे गृहीत धरून आपली पात्रता ठरवावी असे अर्जातच नमूद करावे. एरवी जुना हप्ता उत्पन्नातून वजा धरला जातो आणि मंजूर रक्कम घटते.

४. साठेखतात कर्जाचा उल्लेख, बाकीची रक्कम खरेदीदाराने थेट कर्जखात्यात भरण्याची तरतूद, आणि कबजा देण्याची तारीख दस्तऐवज हाती आल्यानंतरच्या दिवसांत धरलेली असावी. दोन्ही व्यवहारांच्या तारखा एकाच दिवशी बांधून घेऊ नयेत.

५. पैसे भरताच कर्ज बेबाक झाल्याचा दाखला, खातेउतारा आणि न वापरलेले धनादेश परत घ्यावेत. हप्त्याची स्वयंचलित कपात बंद करण्याचा अर्ज त्याच दिवशी द्यावा.

खरेदीदारही कर्ज काढणार असेल तर

आजकाल बहुतेक खरेदीदार कर्ज काढणारेच असतात, आणि विक्रेत्याची एक बँक व खरेदीदाराची दुसरी, असा प्रसंग सर्वांत किचकट. खरेदीदाराची बँक फोरक्लोजर पत्र, दस्तऐवजांची यादी आणि ‘अमुक रक्कम मिळताच दस्तऐवज सुपूर्द करू’ असे आपल्या बँकेचे पत्र मागते. खरेदीदार आपला हिस्सा आधी भरतो. मग त्याची बँक उरलेल्या रकमेतून एक डिमांड ड्राफ्ट आपल्या कर्जखात्याच्या नावे आणि दुसरा आपल्या नावे काढते. पहिला ड्राफ्ट भरल्यावर दस्तऐवज आपल्या हाती न येता सरळ त्या बँकेच्या माणसाकडे जावेत, असे अधिकारपत्र आपण सही करून द्यायचे असते. हे पत्र तयार नसल्याने शाखेत नुसते बसून राहण्याची पाळी अनेकांवर येते. कर्ज संयुक्त असेल तर त्यावर पतिपत्नी दोघांच्याही सह्या हव्यात.

मूळ दस्तऐवज बहुधा शाखेत नसतात. ते दूरच्या मध्यवर्ती कोठारात असतात आणि मागवून आणण्यास दिवस लागतात. म्हणून फेडीच्या आधीच ते शाखेत मागवून ठेवण्याची लेखी विनंती करावी. खरेदीदाराने विक्रेत्याच्याच बँकेकडून कर्ज घेतल्यास ही धावपळ पुष्कळ कमी होते, हे त्याला जरूर सुचवावे; सक्ती मात्र करता येणार नाही.

जुने विकण्यापूर्वीच नवे घ्यावे लागले तर

काही बँका अशा वेळी अल्प मुदतीचे ब्रिज लोन देतात. त्याचे व्याज साध्या गृहकर्जाहून बहुधा चढे असते आणि जुने घर ठरलेल्या मुदतीत विकले न गेल्यास दोन्ही हप्ते अंगावर येतात. जुन्या घराचे साठेखत नोंदवले गेलेले नसताना या मार्गाने जाऊ नये, असेच मी सांगेन.

प्राप्तिकराच्या तीन गोष्टी

- घराचा ताबा मिळाला त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांच्या आत ते विकल्यास, मुद्दलाच्या फेडीवर आणि मुद्रांकशुल्कावर पूर्वी घेतलेली वजावट विक्रीच्या वर्षी उत्पन्नात मिळवली जाते. मुदत भरण्यास थोडेच महिने उरले असतील तर थांबणे फायद्याचे.
- कर्ज फेडण्यास गेलेली रक्कम भांडवली नफ्यातून वजा होत नाही. चोवीस महिन्यांहून अधिक काळ बाळगलेल्या घराचा नफा दीर्घकालीन ठरतो, आणि विक्रीपूर्वी एक वर्ष किंवा विक्रीनंतर दोन वर्षांत घर घेतल्यास, अथवा तीन वर्षांत बांधल्यास, नव्या घरात गुंतवलेल्या नफ्यावर सूट मिळते. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत रक्कम गुंतवली गेली नसल्यास ती भांडवली नफा खात्यात ठेवावी लागते.
- सूट घेऊन घेतलेले नवे घर तीन वर्षांत विकल्यास ती सूट हातची जाते.

विक्रेता परदेशस्थ असेल तर खरेदीदाराने कापावयाच्या कराचे नियम निराळे आणि रक्कम कितीतरी मोठी असते; अशांनी सनदी लेखापालाला आधी भेटावे.

आपले हक्क

रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकानुसार, कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांत सर्व मूळ दस्तऐवज परत करणे आणि नोंदवह्यांतील बोजा काढून टाकणे हे धनकोचे कर्तव्य आहे. विलंब त्याच्या कसुरीने झाल्यास दररोज पाच हजार रुपये नुकसानभरपाई द्यावी लागते. दस्तऐवज गहाळ झाल्यास प्रमाणित नकला मिळवून देण्याचा खर्च त्याने सोसायचा असून त्यासाठी आणखी तीस दिवस मिळतात. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून अमलात आहे, बँकांना आणि गृहवित्त कंपन्यांनाही लागू आहे, आणि शाखेत बसलेल्या माणसाला तो ठाऊक नसेल तर परिपत्रकाची प्रत सोबत न्यावी.

तक्रार आधी त्या संस्थेकडेच लेखी करावी आणि पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते असमाधानकारक असल्यास बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. गृहवित्त कंपनीविरुद्ध राष्ट्रीय आवास बँकेकडे जावे.

फेडीनंतर राहून जाणाऱ्या गोष्टी

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या दप्तरात बँकेचा धारणाधिकार नोंदलेला असतो. बँकेचे पत्र देऊन तो रद्द करून घ्यावा, एरवी भागपत्राचे हस्तांतरण अडते. नागरी क्षेत्रात हस्तांतरणाचे अधिमूल्य २५ हजार रुपयांहून अधिक मागण्याचा संस्थेला अधिकार नाही. घर स्वतंत्र जमिनीवर असेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कांत किंवा मिळकतपत्रिकेवर चढलेला बोजा कमी झाल्याचा फेरफार मंजूर होईपर्यंत पाठपुरावा करावा.

कर्ज घेताना एकरकमी हप्त्याची विमा पॉलिसी गळ्यात पडलेली असते, तिचे काय, हे फारच थोडे लोक विचारतात. कर्ज मुदतीपूर्वी फिटल्यास ती पॉलिसी उरलेल्या काळापुरती चालू ठेवता येते किंवा ती परत करून शिल्लक हप्त्याचा काही भाग मिळतो, हे पॉलिसीच्या अटींवर अवलंबून असते. नवी बँक नवी पॉलिसी पुढे करील तेव्हा जुनीचे कागद सोबत असावेत. कर्जासाठी एखाद्या विशिष्ट कंपनीचाच विमा घेतला पाहिजे असे कोणी सांगू लागल्यास ती अट आपण लेखी मागावी.